विडीच्या थोटकावरून माणसाचा जिल्हा कळतो का?

अंबाजोगाईहून एका तरुण वकिलांनी विचारलं आहे. प्रश्न लांब होता, त्याचा गाभा असा: "आमच्या एका प्रकरणात शेताच्या बांधावर विडीचं थोटूक आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली सापडली. आरोपी आमच्याकडचाच, ऊसतोड कामगार. दिवाळीनंतर बेळगावकडे फडावर होता, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी आला. तोंडातल्या जंतूंवरून माणूस कोणत्या भागातला ते ओळखता येतं असं मी वाचलं. मग त्या थोटकावरची लाळ बीडकडच्या माणसाची की कर्नाटकातल्या, हे लॅब सांगू शकेल का? आणि सांगितलं तर कोर्टात टिकेल का?"

वकीलसाहेब, पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. पण तेवढ्यावर थांबले तर तुमचं नुकसान होईल, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक, ही लाळ कोणत्या मुलखातल्या माणसाची? दुसरा, ही लाळ याच माणसाची का? पहिल्यात विज्ञान अजून फार कच्चं आहे. दुसऱ्यात जंतूंचा काही उपयोग होऊ शकतो, पण नमुना कसा उचलला, कसा ठेवला यावर सगळं अवलंबून. मी दंतवैद्य आहे, मुखविकृतिशास्त्र, म्हणजे तोंडाच्या आजारांचा अभ्यास, हा माझा विषय. छत्रपती संभाजीनगरात वीस वर्षांहून अधिक काळ काम करते आहे. दात, चावा आणि लाळ यांच्याबद्दल मत विचारायला पोलीसही येतात आणि वकीलही. त्या अनुभवावरून सांगते.

आधी तोंडात काय असतं ते पाहू. दवाखान्यात माझ्याकडे एक सूक्ष्मदर्शक आहे, त्याला छोटा पडदा जोडलेला. गेवराईकडच्या एक आजी आल्या होत्या, पन्नास वर्षं मिश्री लावणाऱ्या. हिरड्या सुजलेल्या. खालच्या दाताच्या मागून टोकदार हत्याराने कणभर पांढरट थर काढला, काचेवर पाण्याच्या थेंबात पसरला आणि पडद्यावर दाखवला. मळसूत्रासारखे वळवळत जाणारे स्पायरोकीट, काड्यांसारखे लांब जंतू, मण्यांच्या माळेसारखे गोल. आजी बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे सगळं माझ्या तोंडात नांदतंय व्हय?" नांदतंय, हाच शब्द योग्य आहे. १६८३ साली हॉलंडच्या लेवेनहुकने स्वतःच्या दातांवरचा थर भिंगाखाली पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, तेव्हापासून हे जग आपल्याला माहीत आहे. आज तोंडातल्या जंतूंच्या सातशेहून अधिक प्रजाती नोंदल्या गेल्या आहेत. एका मिलीलिटर लाळेत साधारण दहा कोटी जंतू असतात. जिभेवरची वस्ती वेगळी, गालाच्या आतली वेगळी, हिरडीच्या कडेखालची तर अगदीच वेगळी.

आता मुद्दा हा की या वस्तीला बाहेरच्या मुलखाची खबर फार कमी पोचते. आतड्यातले जंतू आपण खाल्लेल्या अन्नाच्या उरल्यासुरल्या भागावर जगतात, म्हणून ज्वारीची भाकरी आणि पाव यांचा फरक तिथे उमटतो. तोंडात घास काही मिनिटंच असतो. तिथले बरेचसे जंतू लाळेतल्या प्रथिनांवर जगतात, आणि लाळ चोवीस तास झरत असते. तापमान सदतीस अंशांच्या आसपास, ओल कायमची, आम्लता ठराविक पट्ट्यात. परभणीत बाहेर बेचाळीस अंश असो की अलास्कात बर्फ पडो, तोंडाच्या आत हवामान एकच. म्हणून जगभर ठळक घराणी तीच सापडतात: स्ट्रेप्टोकोकस, व्हेलोनेला, नायसेरिया, प्रिव्होटेला, हिमोफिलस.

हे फक्त तर्काने म्हणत नाही. २००९ साली जगातल्या बारा ठिकाणांहून प्रत्येकी दहा अशा १२० निरोगी माणसांची लाळ तपासली गेली. जंतूंच्या १०१ ज्ञात वंशगटांच्या खुणा मिळाल्या, त्यातले ३९ तोपर्यंत तोंडात नोंदलेलेच नव्हते. विविधता प्रचंड होती, पण ती प्रदेशाप्रमाणे नीट वाटली जात नव्हती. शेजारी बसलेल्या दोन माणसांच्या तोंडात दोन खंडांइतका फरक निघू शकत होता. प्रदेशाशी जोडता येईल असा एक धागा मात्र सापडला: विषुववृत्तापासूनचं अंतर वाढतं तसा ठिकाणाठिकाणांतला फरक थोडा वाढताना दिसला. आता नकाशा उघडा. अंबाजोगाई जवळजवळ पावणेएकोणीस अंशांवर, बेळगाव सोळाच्या किंचित खाली. जगाच्या नकाशावर दिसणारा तो पुसट कल या दोन-तीन अंशांत काय उजेड पाडणार?

२०१४ मध्ये अलास्का, जर्मनी आणि आफ्रिका अशी तुलना झाली आणि तिथे फरक दिसले, विशेषतः आफ्रिकेतल्या गटांचे. अशाच कामांवरून "तोंडावरून देश ओळखता येतो" अशा बातम्या होतात. यात एक गोम आहे आणि ती तुम्ही वकील म्हणून नीट पकडली पाहिजे. संगणकाला तीन ठिकाणांचे नमुने देऊन शिकवलं आणि चौथ्या ठिकाणचा नमुना पुढे केला, तर बहुतेक प्रणाली "मला माहीत नाही" म्हणत नाहीत. शिकवलेल्या तिघांपैकी सर्वांत जवळचं नाव देऊन मोकळ्या होतात. तुमच्या अशिलाची लाळ त्या संचापुढे ठेवली तर तो अलास्काचा, जर्मनीचा किंवा आफ्रिकेचाच ठरेल, बीडचा ठरूच शकणार नाही. म्हणून कोणी प्रदेशाचं नाव घेतलं की पहिला प्रश्न हाच: तुमच्या संदर्भसाठ्यात कोणकोणत्या गावांचे, किती माणसांचे नमुने आहेत? अमेरिकेच्या गाजलेल्या मानवी सूक्ष्मजीव प्रकल्पात २०१२ साली प्रसिद्ध झालेला मोठा संच २४२ निरोगी प्रौढांचा होता, आणि ते अमेरिकेतल्या दोन शहरांमधून घेतलेले. बीडकडचे केज, धारूर आणि बेळगावकडचे अथणी, चिक्कोडी असे वेगळे नमुने, दोन्हीकडे विडी ओढणारे आणि न ओढणारे, ऊस तोडणारे आणि दुकानात बसणारे, असा संच हातात असल्याखेरीज "बीडचा की कर्नाटकातला" हे वाक्य लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही.

तुम्ही वाचलेली बातमी बहुधा २०२४ मध्ये गाजलेल्या संगणकी पद्धतीबद्दलची असावी. त्यात शहरांतल्या भुयारी रेल्वेच्या बाकड्यांवरचे आणि कठड्यांवरचे, तसंच मातीतले आणि समुद्रातले जंतू घेऊन जागा ओळखल्या होत्या. ते परिसरातले जंतू. चपलेला लागलेली माती कुठली, या प्रश्नाकडे ती वाट जाते. ओठांतल्या विडीकडे नाही.

मग तोंडातल्या जंतूंना भूगोल अजिबात नाही का? आहे, पण तो नावाच्या पातळीवर नसून वाणाच्या पातळीवर आहे. ज्वारी सगळीकडे ज्वारीच, पण मालदांडी म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मुलूख उभा राहतो. जंतूंचंही तसंच. लहान वयात हिरड्या आणि हाड झपाट्याने खाणारा एक जंतू आहे, ॲग्रिगॅटिबॅक्टर. त्याचा जेपी-२ नावाचा एक जहाल वाण मुख्यतः उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेच्या लोकांत आणि तिथून पिढ्यांपूर्वी इतरत्र गेलेल्यांच्या वंशजांत सापडतो. माणसं समुद्रापार गेली, तिथलंच खाऊ-पिऊ लागली, तरी वाण सोबत राहिला, कारण तो घरातून घरात, बहुतेक वेळा आईबापांकडून लेकराकडे जातो. दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्सही बऱ्याचदा आईकडूनच बाळाच्या तोंडात येतो. घास चावून भरवणं, चमचा आपल्या तोंडात घालून मग बाळाला देणं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं.

म्हणजे तोंडातल्या जंतूंना जिल्हा ठाऊक नाही, घर ठाऊक आहे. ऊसतोडीच्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

२०१७ मध्ये एका मोठ्या ज्यू कुटुंबातल्या, वेगवेगळ्या शहरांत राहणाऱ्या माणसांची लाळ तपासली, तेव्हा दिसलं की रक्ताच्या नात्यापेक्षा एका छताखाली राहणं जास्त वजनदार ठरतं. त्याआधी २०१२ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासातही असंच निघालं होतं: एकत्र राहत होती तोवर त्यांची लाळ सारखी, घरं वेगळी झाली की साम्य ओसरू लागलं. आणि २०२३ च्या एका प्रचंड कामात, जगभरच्या ९,७०० हून अधिक नमुन्यांवरून, एकत्र राहणाऱ्या माणसांमध्ये तोंडातल्या जंतूंचे सुमारे ३२ टक्के वाण सामायिक निघाले. आतड्यातल्या जंतूंचं हेच प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होतं.

आता फडावरची कोपी, म्हणजे ऊसतोड मजुरांची झोपडी, डोळ्यांपुढे आणा. पाचटाची, दहा बाय दहाची सुद्धा नाही. नवरा, बायको, दोन लेकरं, कधी धाकटा भाऊ. एक कळशी, एक तांब्या, एक भगुलं. सहा महिने. अशा घरातल्या दोन भावांपैकी एकाच्या लाळेचं साम्य थोटकाशी जुळलं तर दुसऱ्याचंही बऱ्यापैकी जुळेल. मुकादमाच्या टोळीत चार माणसं एकच विडी आळीपाळीने ओढत असतील तर त्या थोटकावर चौघं आहेत. जंतूंवरून "जुळतं" असा अहवाल आला तर कोणाकोणाशी ताडून पाहिलं, त्यात त्याच कोपीतली माणसं होती का, हे विचारल्याशिवाय तो अहवाल अर्धाच आहे.

फडावर सहा महिने राहिल्याने जंतू बदलले असतील का, हेही तुम्ही विचारलंत. थोडेफार बदलले असतील, पण कर्नाटकामुळे नाही, राहणीमुळे. ऊसतोडीहून आलेली माणसं एप्रिल-मे महिन्यांत माझ्याकडे येतात तेव्हा तोंड पाहूनच अंदाज येतो: पहाटे चारला उठून दात न घासता ट्रकवर चढलेली, दिवसभर तंबाखू मळणारी, चहात साखर भरपूर, ऊस चघळलेला, पाणी कमी. प्लाक, म्हणजे दातांवरचा तो पांढरट थर, वाढलेला, दातांच्या मुळाशी कीटण. तेच कुटुंब बारामतीला गेलं असतं तरी हेच दिसलं असतं. तंबाखूचं तर मोजून दाखवलेलं आहे. २०१६ मध्ये १,२०४ अमेरिकी प्रौढांच्या तोंडातले जंतू पाहिले, तेव्हा प्रोटिओबॅक्टेरिया या गटाचं प्रमाण धूम्रपान कधीच न केलेल्यांत ११.७ टक्के आणि धूम्रपान करणाऱ्यांत ४.६ टक्के निघालं. सवय सोडलेल्यांचं तोंड न ओढणाऱ्यांसारखंच झालेलं होतं. म्हणजे दोन जिल्ह्यांतल्या नमुन्यांत फरक दिसला आणि एका जिल्ह्यात विड्या जास्त ओढत असतील, तर तो फरक विडीचा, मातीचा नव्हे. आपल्याकडे यात चुना आहे, मिश्री आहे, कडुनिंबाची काडी आहे, २०१२ पासून बंदी असूनही पानटपरीवर मिळणारा गुटखा आहे.

पाण्याचंही बघा. "त्या भागाचं पाणी" असं आपण सहज म्हणतो. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोचली. त्या महिन्यांत लातूरकर कृष्णेचं पाणी पीत होते. एरवीही उन्हाळ्यात वाडी-तांड्यावर टँकर कुठल्या विहिरीतून भरून येतो ते पिणाऱ्याला माहीत नसतं. पाण्यावरून तोंडाचा मुलूख काढायला निघालेल्याने मराठवाड्याचा एक उन्हाळा आधी समजून घ्यावा.

आता दुसरा प्रश्न, खरा उपयोगाचा. लाळेतले जंतू न्यायवैद्यक कामात कुठे धरून चालता येतात?

पहिला उपयोग साधा: हा डाग लाळेचाच आहे का? एरवी लाळेतल्या अमायलेज या पाचकरसावरून ते पाहतात, पण अमायलेज इतर स्रावांतही थोडंफार असतं. स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियससारखे तोंडातच नांदणारे जंतू डीएनएवरून दाखवता आले तर "ही लाळच" या म्हणण्याला बळ येतं. २००९ पासून यावर काम झालेलं आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात, चावल्या-चाटल्याची तक्रार असते तिथे, याची किंमत मोठी आहे.

दुसरा उपयोग चाव्याचा, आणि माझ्या मते सगळ्यात आश्वासक. चाव्याच्या आकारावरून माणूस ओळखण्याच्या विद्येबद्दल मी आता फार जपून बोलते. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणात चाव्याच्या खुणांचा दंतवैद्यकीय अहवाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या निकालात विचारात घेतला, पण तिथे डीएनएसह इतर भक्कम पुरावेही होते. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके संस्थेने २०२२ मध्ये आढावा घेऊन म्हटलं की नुसत्या आकारावरून माणूस ठरवण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही. मला ते पटतं. त्वचा ताणते, सुजते, आकार बदलतो. पण चावताना दातांवरचे स्ट्रेप्टोकोकस त्वचेवर उतरतात. चावणाऱ्याचा मानवी डीएनए लाळेतल्या विकरांनी लवकर तुटतो, शिवाय ज्याला चावलं त्याच्या स्वतःच्या पेशींत तो हरवून जातो. जंतूंचा डीएनए त्यांच्या जाड भिंतीच्या आत सुरक्षित असतो, आणि तोंडातले हे जंतू त्वचेवर एरवी सहसा नसतात. त्यांचे वाण संशयिताच्या दातांवरच्या वाणांशी ताडून पाहता येतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. अट एकच, वेळ. जिवंत त्वचेवर ते तासागणिक कमी होत जातात, आणि जखम धुतली, हळद लावली की संपलं.

माणूस ओळखण्याबद्दल एक सावधगिरी. २०१५ मध्ये जंतूंच्या खुणांवरून माणसं वर्षभरानंतर पुन्हा ओळखता येतात का हे पाहिलं. आतड्यातल्या जंतूंवरून ८० टक्क्यांहून अधिक ओळखता आली, शरीराच्या इतर जागांवरून मात्र सुमारे ३० टक्केच. तुमच्या आरोपीच्या लाळेचा तुलनेचा नमुना घटनेनंतर किती दिवसांनी घेतला, मधे त्याने प्रतिजैविकं घेतली का, दात काढला का, तुरुंगात विडी सुटली का, हे सगळं निकालावर परिणाम करतं.

तुमच्या थोटकाकडे येऊ. थोटकावर ओठांच्या आणि तोंडाच्या पेशी असतात, म्हणून तिथे पहिली तपासणी मानवी डीएनएचीच व्हायला हवी. ती नीट झाली तर जंतूंपर्यंत जायचं कारणच उरत नाही. ती फसली तरच जंतूंचा विचार करावा, आणि तिथे विडीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. तेंदूच्या पानातलं टॅनिन डीएनएच्या प्रती काढण्याच्या पीसीआर क्रियेत अडथळा आणतं. तंबाखू तर मुळातच निर्जंतुक नसते, तिच्यात तिचे जंतू असतात, वळणाऱ्या हातांचे असतात. म्हणून न ओढलेली विडी सोबत तपासली नसेल, तर थोटकावर सापडलेलं काय तोंडाचं आणि काय विडीचं, हे वेगळं कसं करणार?

बाटलीबद्दल आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या तज्ज्ञाला सुचणार नाही. आपल्याकडे शेतात माणूस बाटली तोंडाला लावून पितोच असं नाही, बरेच जण वरून धार धरून पितात. तशी प्यायलेल्या बाटलीवर लाळ नसते म्हणून तो तिथे नव्हता असं ठरत नाही. आणि तोंड लावून पिणारा निघाला तर बाटली टोळीत फिरलेली असते.

नमुना कसा ठेवला याबद्दल एक आठवण सांगते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका तालुक्याच्या ठिकाणाहून माझ्याकडे मत विचारायला एक पाकीट आलं. चाव्याच्या जागेवरून घेतलेला स्वॅब. तो ओलाच पॉलिथिनच्या पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलं होतं. सील अगदी चोख. पण पिशवी चार दिवस गाडीत आणि कपाटात फिरून आली होती, आतल्या बाजूला घामासारखे थेंब जमले होते आणि कापसाला करडी बुरशी धरली होती. नमुना घेणाऱ्या शिपायाने मनापासून काळजी घेतली होती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ओला कापूस बंद प्लास्टिकमध्ये म्हणजे जंतूंचं शेत. आधी सावलीत वाळवून मग कागदाच्या पाकिटात घातला असता आणि थंड ठेवला असता तर काही हाती लागलं असतं. ती तक्रार एका पंधरा वर्षांच्या मुलीची होती. तेव्हापासून मी जिथे बोलायला जाते तिथे कागदी पाकिटाची गोष्ट आधी सांगते.

आता ज्या प्रश्नासाठी तुम्ही जंतूंकडे वळलात तो, माणूस कुठला हा, एखाद्या बेवारस मृतदेहाच्या बाबतीत खरोखर उभा राहतो. तिथे मी जंतूंकडे न जाता दाताकडे जाते. दाताचं आवरण लहानपणी बनतं आणि पुन्हा बदलत नाही. पहिली दाढ जन्माच्या सुमारास घडायला लागते, अक्कलदाढ शाळेच्या वयात. त्या वयात प्यायलेल्या पाण्याची नोंद त्यात राहते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे काळा बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात, आणि किनवटकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं अशी आपली मर्यादा आहे. तिथे वाढलेल्या माणसाच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी डाग असतात, तो पुढे पुण्यात तीस वर्षं राहिला तरी. दुसरी वाट आवरणातल्या स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्याच वेगवेगळ्या वजनांच्या अणूंची. त्यांचं गुणोत्तर खडकाप्रमाणे बदलतं, आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट यांत ते वेगळं असतं. पण इथेही मर्यादा तीच: बीड, सोलापूर, सातारा, बेळगावचा बराच भाग, सगळा बेसॉल्टच. आणि धान्य बाजारातून येतं. त्यामुळे "दख्खनच्या पठारावर वाढलेला असावा" एवढं म्हणता येईल, "केजचा" असं नाही.

कोर्टात टिकण्याबद्दल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, म्हणजे जुन्या कलम ४५ च्या जागी, तज्ज्ञाचं मत येऊ शकतं. पण ते मत आहे, निकाल नाही. उलटतपासणीत विचारायचं ते वर आलंच आहे: संदर्भसाठा कुठला, ताडून पाहायला कोण कोण घेतलं, तुलनेचा नमुना कधीचा. त्यात एकच भर घालते. कोरा नमुना, म्हणजे काहीही न लावलेला स्वॅब, तोच सगळा प्रवास करवून तपासला होता का? नमुना अत्यल्प असतो तेव्हा तपासणीच्या किटमधल्या रसायनांतले जंतूसुद्धा निकालात उमटतात, हे २०१४ पासून सर्वांना माहीत आहे. कोऱ्या नमुन्याचा निकाल अहवालासोबत नसेल तर तो मागा.

आणि हे फक्त बचावासाठी सांगत नाही. उद्या तुम्ही फिर्यादीच्या बाजूने उभे असाल तेव्हाही हेच प्रश्न आधी स्वतःला विचारावे लागतील. दरवर्षी आपल्याकडची लाखो माणसं पोटासाठी मुलूख सोडून जातात आणि परत येतात. "जंतू कर्नाटकातले निघाले" असल्या वाक्याचा फटका सगळ्यात आधी त्यांनाच बसेल.

तुमच्या प्रकरणात आज लगेच करण्यासारखं एकच काम आहे. घटनास्थळाचा पंचनामा पुन्हा काढा आणि पाहा: थोटूक कशात ठेवलं, कागदात की प्लास्टिकमध्ये? उचलणाऱ्याने हातमोजे घातल्याची नोंद आहे का? आरोपीच्या खिशातलं विडीचं बंडल जप्त झालं होतं का, आणि त्यातली एखादी न ओढलेली विडी मुद्देमालात अजून आहे का? असेल तर ती नष्ट होऊ नये म्हणून अर्ज याच तारखेला द्या.